डिटेक्टरचा आकडा हा पुरावा नव्हे

एआयचा मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर, म्हणजे डिटेक्टर, विद्यापीठांनी सक्तीचं करावं, म्हणजे असाइनमेंटमधली कॉपी थांबेल, असं काही जण सुचवतात. मला हे फार धोक्याचं वाटतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केलं. त्यांच्याच चाचणीत एआयच्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के पकडला गेला, आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर एआयचा ठरला. शंभर प्रामाणिक मुलांमागे नऊ जणांवर आळ! अशी बरीच साधनं पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात; शब्द जितके अपेक्षित, तितका एआयचा संशय जास्त. त्यामुळे परक्या भाषेत जपून, साधी वाक्यं लिहिणारं मूलच आधी सापडतं.

मी शिकवते. गेल्या सत्रात एका निबंधाबद्दल शंका आली, तेव्हा मुलीला समोर बसवून एवढंच विचारलं, "हा तिसरा संदर्भ कुठे वाचलास?" ती गप्प झाली. नियतकालिक खरं होतं, लेखकही खरा, पण तसा लेख कधी छापलाच गेला नव्हता; तो संदर्भ एआयने रचलेला होता. दहा मिनिटांत सगळं तिनेच सांगितलं. वाक्यं सुधारण्यापुरता एआय चालतो की नाही, हे मीच आधी कधी स्पष्ट केलं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

मोठ्या वर्गात प्रत्येकाशी असं बोलणं अवघड आहे, मान्य. म्हणून आता मी कच्चा मसुदाही मागते, खाडाखोडीसकट.