विषय: वायफाय आहे, पासवर्ड नाही (मुक्काम सोलापूर)

प्रेषक: सोलापूर
रविवार सकाळ (तुमची शनिवारची रात्र)

मंडळी, नमस्कार.

आपल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या ईमेल यादीवर एकाच नावाच्या तिघीजणी झाल्यापासून आपण गावाच्या नावानं सही करतो. यावेळी मी खरोखरच सोलापुरातून लिहितेय. गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी आलेय, बाळीवेशीतल्या माहेरी. दोरीवर आप्पांची बाराबंदी वाळतेय, मंगळवारी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, बुधवारी अक्षता. आणि सोमवारी रात्री साडेआठला माझी ऑफिसची मीटिंग, लॅपटॉपवरून.

अडचण अशी की घरात फायबरचं नेट आहे, झकास चालतं. आप्पांचा फोन, आईचा फोन, टीव्ही, सगळं त्यालाच जोडलेलं. पासवर्ड मात्र कुणालाच माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी नेटवाल्या पोरानं बसवलं तेव्हा एकदा टाकला, तेवढाच. ‘परत कधी लागलाच नाही की,’ इति आप्पा. तो पोरगा सध्या नंदीध्वजाच्या (जत्रेत मिरवायच्या उंच काठीच्या) सरावात आहे आणि फोन उचलत नाही. या आठवड्यात सोलापुरात त्याबद्दल त्याला कुणी बोलणारही नाही.

आई म्हणाली, कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलाय. कॅलेंडर सापडलं, पण २०२३ चं. ते आता मांडणीवर शेंगाचटणीच्या बरण्यांखाली अंथरलंय. बरण्या उतरवून पान काढलं. ‘वायफाय’ एवढा शब्द आईच्या अक्षरात स्वच्छ, आणि त्यापुढं तेलाचा हा एवढा गोल डाग. डागाच्या कडेला शून्यासारखं काहीतरी दिसतं. बरणीच्या बुडाचा वळही असेल तो.

मग स्टूल घेऊन राउटरपर्यंत चढले, कारण त्याच्या बुडाला स्टिकर असतो. दिवाळीत रंगाऱ्यानं भिंतीबरोबर त्यावरही एक हात मारलाय. फिकट पिस्ता.

तर प्रश्न असा: जो फोन आधीच जोडलेला आहे, त्यातून पासवर्ड बघता येतो का? आप्पांचा फोन जुना अँड्रॉइड आहे, माझा आयफोन. हॉटस्पॉट कृपया सुचवू नका. दीड हात जाडीच्या दगडी भिंती आहेत, मोबाइलची एक काडी येते, तीही उंबऱ्यात उभं राहिलं तर.

— सोलापूर (सध्या खरंच)

प्रेषक: डोंबिवली

एवढं काय त्यात? राउटरच्या मागे बारीक भोक असतं. पिन घालून दहा सेकंद दाबून धर. सगळं कोरं होतं आणि स्टिकरवरचा मूळ पासवर्ड पुन्हा चालू होतो. रंग नखानं खरवड. मी इथे दोनदा केलंय.

— डोंबिवली

प्रेषक: सांगली

अगं, पिन ठेव खाली!

डोंबिवलीकरांचा राउटर स्वतः विकत घेतलेला असेल, त्याला चालतं. तुमच्या फायबरच्या डब्यात वायफायच्या पासवर्डशिवाय कंपनीकडे ओळख पटवायची माहितीही भरलेली असते, आणि ती बऱ्याचदा त्या पोरानं हातानं भरलेली असते. भोकात पिन घातलीस की ती पण जाते. मग वायफायचं नाव दिसेल, फोन जोडला जाईल, फक्त नेट नसेल. आणि ते परत भरायला तोच पोरगा लागेल, जो नंदीध्वज सोडून येणार नाही. आज घरात निदान टीव्ही तरी चालतोय.

पासवर्ड हरवलेला नाही. जोडलेल्या प्रत्येक फोनात तो आहे. फोन दाखवतो की नाही, एवढाच प्रश्न.

आप्पांच्या फोनात सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघड आणि अँड्रॉइडचा आकडा बघ. १० किंवा पुढचा असेल तर काम झालं. ही सोय अँड्रॉइड १० मध्ये, म्हणजे २०१९ साली आली. वायफायच्या यादीत जोडलेल्या नावावर टिचकी मार, ‘शेअर’ दाब. फोन बोट किंवा पिन नंबर मागेल आणि मग क्यूआर कोड दाखवेल. काही फोनांत त्याच्या खाली पासवर्ड सरळ अक्षरांत लिहिलेला असतो. काही कंपन्या नुसता चौकोन दाखवून सोडून देतात.

आकडा ९ किंवा खालचा असेल तर बहुतेक फोन दाखवत नाहीत. पासवर्ड आतल्या एका फायलीत असतो खरा, पण ती उघडायला फोन रूट करावा लागतो, म्हणजे कंपनीनं घातलेलं कुलूप तोडावं लागतं, आणि त्या उद्योगात बऱ्याच फोनांतलं सगळं पुसलं जातं. आप्पांचे फोटो घालवू नकोस. ‘पासवर्ड दाखवतो’ म्हणणारी फुकट ॲप तर अजिबात टाकू नकोस. रूट न केलेल्या फोनात ती फाइल त्यांनाही उघडत नाही, जाहिराती तेवढ्या बघाव्या लागतात.

— सांगली

प्रेषक: नागपूर

सांगलीकर काका, मग असाच शेजाऱ्याचाही पासवर्ड दिसतो का? सहजच विचारून राहिलो.

— नागपूर

प्रेषक: सांगली

नाही. ज्या फोनात एकदा टाकलाय त्याच फोनात दिसतो. शेजाऱ्याचा हवा असेल तर शेजाऱ्याला विचारा.

— सांगली

प्रेषक: सोलापूर

काका, तुम्ही तासभर उशिरा उठला असतात तर पिन आत होती. खरंच हातात होती.

आप्पांचा फोन ९ निघाला. तेवढ्यात आठवलं, आईचा फोन गेल्या दिवाळीला घेतलेला. तिच्याकडं १३! वायफाय उघडलं तर नावाखालीच ‘पासवर्ड शेअर करण्यासाठी दाबा’. दाबलं, फोननं बोट मागितलं. आई सकाळपासून खलबत्त्यात शेंगाचटणी कुटत होती, अंगठा तेलातिखटानं माखलेला. पदराला पुसला, नाही लागला. राखेनं घासून धुतला, नाही लागला. शेवटी पिन नंबर. तो तिला तोंडी सांगता येत नाही, बोटंच सांगतात. म्हणून फोन तिच्या हातात द्यावा लागला आणि मी तोंड फिरवून उभी राहिले.

आला चौकोन. नुसताच, खाली अक्षरं नाहीत.

माझ्या आयफोनचा कॅमेरा समोर धरला, ‘या नेटवर्कला जोडू का’ म्हणाला, जोडला. पण लॅपटॉपला चौकोन कसा खायला घालू? त्याला अक्षरं लागतात.

— सोलापूर

प्रेषक: सांगली

अगं, संपलंच की काम. पासवर्ड आता तुझ्या आयफोनात आलाय आणि तो दाखवतो. सेटिंग्ज, वायफाय, नावापुढचा गोलातला ‘आय’, मग पासवर्डच्या ठिपक्यांवर बोट ठेव. चेहरा ओळखला की अक्षरं उघडतात. आयओएस १६ पासून, म्हणजे २०२२ पासून ही सोय आहे.

आयफोन नसता तर आईच्या फोनवरच त्या चौकोनाचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्सला (चित्रातलं वाचून दाखवणाऱ्या ॲपला) दाखवायचा. त्या ठिपक्यांत गूढ काही नाही, साधा मजकूर आहे: नेटवर्कचं नाव, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड. मोटारींचे सुटे भाग ओळखायला जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं १९९४ साली क्यूआर कोड काढला. तो फक्त मजकूर वाहून नेतो, मग तो भागाचा नंबर असो की वायफायचा पासवर्ड. म्हणूनच तो स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरवू नका आणि ‘क्यूआर वाचून देतो’ म्हणणाऱ्या भलत्या वेबसाइटवर चढवू नका. चौकोन पाठवणं म्हणजे पासवर्डच पाठवणं.

— सांगली

प्रेषक: डोंबिवली

पिन मागे घेतो.

पण काका, लेन्सची युक्ती घरी करून बघितली. माझा पासवर्ड मला पाठ आहे, म्हणून ताळा पाहायला. लेन्सनं एक उलटी तिरकी रेघ जास्तीची दाखवली, मधल्या अर्धविरामाच्या आधी. तसंच टाइप केलं तर लॅपटॉप म्हणतो चूक.

— डोंबिवली

प्रेषक: सांगली

शाब्बास, ताळा घेणारा माणूस दुर्मिळ. त्या मजकुरात एक भाग संपला की अर्धविराम येतो. आता पासवर्डमध्येच अर्धविराम असेल तर वाचणाऱ्या फोनला वाटेल, पासवर्ड संपला. म्हणून त्याच्याआधी ती रेघ घालतात: हा खरा अर्धविराम, थांबू नकोस. स्वल्पविराम, अपूर्णविराम, अवतरणचिन्ह आणि खुद्द ती रेघ, यांनाही तेच. हातानं टाइप करताना ती जास्तीची रेघ गाळायची.

— सांगली

प्रेषक: कार्यवाह

सर्वांना नमस्कार. विषय तिळगुळाच्या कार्यक्रमाचा नाही हे मान्य, पण याच धाग्यात विचारतो. शनिवारी हॉलवर प्रोजेक्टरच्या लॅपटॉपला वायफाय हवं. हॉलच्या ऑफिसनं पासवर्डचा कागद गणपतीत दिला होता, तो मोदकांच्या रिकाम्या डब्यांबरोबर गेला. खजिनदारांचा फोन तेव्हा जोडला होता. त्यांना आज हॉलवर जाऊन उभं राहावं लागेल का?

— कार्यवाह

प्रेषक: सांगली

नाही. घरी बसून होईल. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या पानावर ‘सेव्ह केलेली नेटवर्क’ अशी यादी असते, त्यात हॉलचं नाव शोधा आणि तिथून शेअर. आयफोन असेल तर वायफायच्या पानावर वर ‘एडिट’ असतं, त्यात जुनी सगळी नेटवर्क निघतात. आणि कुणाचा विंडोज ११ चा लॅपटॉप तेव्हा जोडला असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये त्यातही दिसतो. हॉलवाल्यांनी मधल्या काळात बदलला असेल तर मात्र यांतलं काहीच उपयोगाचं नाही.

— सांगली

प्रेषक: सोलापूर
मंगळवार, दुपार

मंडळी, मीटिंग पार पडली. उशिरा लिहितेय, कारण सकाळपासून आम्ही नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागं होतो. सातही काठ्या बघितल्या. नेटवाला पोरगा दिसला, पांढऱ्या बाराबंदीत, घामाघूम. त्याला हाक मारून पासवर्ड विचारावा असं क्षणभर वाटलं होतं.

आता पासवर्डचं सांगते, म्हणजे सांगता येईल तेवढं. ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि अकरा आकडे उघडले. सुरुवात ०२१७. पुढचे सात मी वाचलेच नाहीत, तोंडातून आपोआप आले. आमच्या घरचा जुना फोन नंबर! लँडलाइन काढून टाकून बरीच वर्षं झाली. पुण्याच्या हॉस्टेलवरून, रात्रीचा पाव दर लागला की एसटीडी बूथच्या रांगेत उभी राहून फिरवलेला. नंतर अमेरिकेतून कॉलिंग कार्डवर, शून्य गाळून.

आप्पांना दाखवला तर एकदम हसले. मग आठवलं त्यांना. पोरगा म्हणाला होता, ‘काका, लक्षात राहील असा नंबर सांगा की.’ यांनी घरचा सांगितला. पोरगा म्हणाला, ‘हे सातच झाले, आठ तरी लागतात.’ वायफायला खरंच कमीत कमी आठ लागतात. मग आप्पांनी पुढं एसटीडी कोड लावला. लक्षात राहील असा!

कॅलेंडरवरच्या डागातलं शून्य खरंच शून्य होतं.

आणि हे ऐका. रात्री शेजारचा आठवीतला पोरगा तिळगूळ द्यायला आला, दोन दिवस आधीच. मी कौतुकानं आईचा फोन, माझा फोन, चौकोन, सगळी कथा सांगितली. तो दारातच म्हणाला, ‘ताई, तो तर तुमचा जुना नंबर हाय की. मला विचारायचं.’

— सोलापूर

प्रेषक: सांगली

छान. पण आता बदल. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत छापलेला नंबर आहे तो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघड, बऱ्याच राउटरचं पान तिथं असतं. त्यात वायरलेसखाली पासवर्ड बदलता येतो आणि सध्या कोण कोण जोडलंय तेही दिसतं. एकदा बदललास की प्रत्येक फोनात, टीव्हीत नव्यानं टाकावा लागेल, हे मात्र लक्षात घे.

— सांगली

प्रेषक: नागपूर

म्हणजे शेजाऱ्यालाच विचारायचं होतं. काकांनी मला आधीच सांगितलं होतं बघा.

— नागपूर

प्रेषक: सोलापूर
गुरुवार, रात्र

काका, पान उघडलं. आमच्या घरात माझी धरून पाच यंत्रं, यादीत आठ. आप्पांना दाखवलं. ‘त्या पोराचा अभ्यास असतोय नेटवर,’ म्हणाले, आणि उरलेल्या दोघांबद्दल विचारलं तर विषय होम मैदानावरच्या पाळण्यांवर नेला. बदलायचं नाही असं ठरलंय. म्हणजे त्यांनी ठरवलंय. मी राउटरच्या पानात शिरायचा पासवर्ड तेवढा बदलला, तो स्टिकरवर छापतात तसाच साधा होता. नवा आईनं यंदाच्या कॅलेंडरवर लिहिलाय, डिसेंबरच्या पानामागं, म्हणजे वर्षभर तरी फाटणार नाही. बरण्यांखाली जायच्या आधी फोटो काढून ठेवीन.

उद्या शोभेचं दारूकाम, रविवारी निघतेय. शेंगाचटणी हवी असेल त्यांनी उद्या रात्रीपर्यंत कळवा, घरटी अर्धा किलो. कडक भाकरी प्रत्येकी सहाच्या वर मिळणार नाहीत, बॅगेत तेवीस किलोच बसतात आणि चादरींचं वजन आधीच झालंय. डोंबिवलीला एक पिन फुकट.

— सोलापूर