लीकची रोपं तयार आहेत, कांद्याच्या सवयीनं पुन्हा फसायचं नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. मखमलाबाद शिवारात घरामागे दीड गुंठ्याची परसबाग आहे, जमीन काळी, भारी. वांगी, मेथी, पालक सगळं छान निघतं. लीक (कांद्याच्या कुळातली, लांब पांढऱ्या दांड्याची विदेशी भाजी) मात्र गेल्या वर्षी पार फसलं आणि यंदा ते साधायचंच आहे. लेक दोन वर्षं जर्मनीत शिकायला होती, तिथं तिला लीक-बटाट्याच्या सुपाची गोडी लागली. जानेवारीअखेर ती घरी येतेय. तिला आपल्या वाफ्यातलं लीक काढून सूप करून द्यायचंय.

गेल्या वर्षी काय केलं ते सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला कळेल. माझं माहेर लासलगावजवळचं, कांद्याची लागण लहानपणापासून हातातली. त्यामुळे लीक म्हणजे कांद्याचाच भाऊ समजून सगळं तसंच केलं. दिवाळीनंतर बी टाकलं, जानेवारीत उन्हाळी कांद्यासारखी सपाट वाफ्यात चार-चार बोटांवर रोपं लावली, मूळ झाकेल इतकीच खोल. मार्चमध्ये पातीचे शेंडे पिवळे पडू लागले तेव्हा वाटलं आता माना पडतील (कांदा पिकत आला की पात मानेशी वाकून आडवी पडते), म्हणून पाणी तोडलं. माना काही पडल्या नाहीत. उपटून बघितलं तर दांडा करंगळीएवढा, पांढरा भाग जेमतेम दोन बोटं, बाकी सगळी चिवट हिरवी पात. उभं चिरलं तर प्रत्येक पदरात काळ्या मातीची रेघ. चार पाण्यांनी धुतलं तरी दाताखाली कचकच राहिलीच.

यंदा ऑगस्टच्या मध्यावर ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखतात बी टाकलं. दहाव्या दिवशी कोंब दिसले. आधी दोरा दुमडल्यासारखे वाकलेले, मग सरळ झाले तरी शेंड्याला बीचं काळं टरफल तसंच चिकटलेलं. आता सात आठवडे झालेत. ८० पैकी ६२ रोपं धड आहेत, वीतभर उंच, जाडी उदबत्तीपेक्षा थोडी जास्त.

खरी अडचण लागणीची आहे. रोप पेन्सिलीएवढं झालं की १५ सेंमी खोल भोक पाडायचं, त्यात रोप सोडायचं आणि माती न लोटता नुसतं पाणी घालायचं, असं वाचलंय. परवा कुदळीच्या दांड्यानं एक भोक पाडून बघितलं. आतून लिंपल्यासारखं गुळगुळीत झालं आणि ओतलेलं पाणी तासाभरानंतरही तसंच उभं होतं. त्यात रोप कुजणार नाही का? ज्यांनी काळ्या जमिनीत लीक घेतलंय त्यांनी कृपया सांगा, लागण कशी करू आणि ऑक्टोबरच्या उन्हात आत्ताच करू की थांबू? शेजारच्या वावरात रांगडा कांदा (खरीप आणि उन्हाळी यांच्या मधल्या हंगामातला) आहे, त्याचाही त्रास होईल का?

प्रतिसाद (दिंडोरी तालुक्यातून):

ताई, आम्ही हॉटेलवाल्यांसाठी थोडं लीक करतो. बी टाकायची वेळ तुम्ही यंदा बरोबर साधलीय. अजून दोन-अडीच आठवडे थांबा, रोप जाड होईल आणि पाऊसही उघडेल.

भारी जमिनीत भोकाचा नाद सोडा. वीतभर खोल सरी काढा, तळाला कुजलेलं शेणखत घाला आणि रोपं तळाशी १५ सेंमीवर लावा. दोन सऱ्यांत दीड फूट ठेवा. सरीचं एक टोक उतरतं असू द्या, अवकाळी आला तर पाणी निघून जाईल. दांडा वाढेल तशी वरंब्याची माती दर पंधरा-वीस दिवसांनी थोडी थोडी आत ओढा. ऊन न लागलेला दांडाच पांढरा आणि कोवळा राहतो. पण पाती जिथं फाकतात त्याच्या खालीच माती थांबवा. तुमची ती काळी रेघ तिथूनच आत शिरते.

आणि पाणी तोडू नका! लीक कांद्यासारखी गाठ धरत नाही, माना पाडून पिकत नाही. ओल शेवटपर्यंत लागते. जानेवारीअखेर दांडा अंगठ्याएवढा झाला तरी खुशाल काढा, सुपाला तेवढा पुरतो. काढताना ओढू नका, खुरप्यानं बाजूची माती सैल करा, नाहीतर पांढरा भाग मातीतच तुटतो.

प्रतिसाद:

कांद्याच्या बांधापासून जितकं लांब लावता येईल तितकं लावा. पातीचा रस शोषणारे बारीक फुलकिडे तेच, पातीवर जांभळे डाग पाडणारा बुरशीरोग जांभळा करपाही तोच. कांदा काढला की ते फुलकिडे हिरवं शोधत तुमच्याकडेच येतील. निळे चिकट सापळे लावा आणि आठवड्यातून एकदा पातीच्या बेचक्यात डोकावून बघा, ते तिथंच लपतात.

धागाकर्ती:

दादा, पाणी तोडलं हीच चूक होती हे आत्ता कळलं. माहेरी माना पडायच्या आत पाणी तोडायचं हे इतकं अंगवळणी पडलंय, की मनात शंकासुद्धा आली नाही. कांद्याच्या बांधापासून लांबची, विहिरीकडची जागा धरते आणि शनिवारी तीन सऱ्या काढून ठेवते. एकच राहिलं: कांद्याचं रोप लावताना आम्ही पातीचे शेंडे खुडतो, तसं लीकचं करायचं की पात अख्खी ठेवायची?