तळमजल्यावर राहतो, पुरासाठी नक्की काय भरून ठेवू?

नवं_बिऱ्हाड
एप्रिलमध्ये पुण्यात सिंहगड रोडला, विठ्ठलवाडीजवळ नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहायला आलो. हॉलच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर ओलीची रेघ आहे. घरमालक "ते २०२४चं" म्हणाले आणि विषय बदलला. घरात मी, नवरा (बऱ्याचदा रात्रपाळी), साडेतीन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांना इन्सुलिन चालू आहे, गुडघेही धरलेत. नेटवरच्या याद्यांत तंबू, दोरखंड, कुऱ्हाड, तीन दिवसांचं अन्न असं काय काय आहे. एवढं घेतलं तर छोटा हत्तीच बोलवावा लागेल. आपल्याकडे खरंच काय लागतं? आणि वीज गेली तर इन्सुलिनचं काय करायचं?

तळमजला_ते_तिसरा
अगं, कुऱ्हाडीचं राहू दे. पूर आला की आपल्याला रानात जायचं नसतं, जिना चढायचा असतो. फार तर मनपाच्या शाळेत.

२५ जुलै २०२४च्या पहाटे मी सिंहगड रोडच्याच एकता नगरीत होते. खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला होता. मला जाग आली ती पार्किंगमधल्या गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजायला लागले म्हणून. लाइट गेलेले आणि पाणी उंबऱ्याला लागलेलं. अशा वेळी यादी कोण वाचतं? नवरा रात्रपाळीला असेल तर तुझ्या एका हातात पोरगं आणि दुसऱ्या हाताला सासूबाई. पिशवीला हातच उरत नाही! म्हणून पाठीवरची सॅक घे, मुलांची जुनी शाळेची चालेल. भरून पाठीला लाव, मुलाला कडेवर घे आणि दोन मजले चढून बघ. धाप लागली तर सामान कमी कर.

सॅकमध्ये सगळ्यांची औषधं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, ग्लुकोमीटर, सुया, ग्लुकोजची पुडी, मुलाचा कपड्यांचा जोड, पॅड, चष्मा, बॅटरी, पॉवर बँक, शिट्टी आणि सुटे पैसे ठेव. वीज गेली की यूपीआयही गेलं म्हणून समज, त्यामुळे दहा-वीसच्या नोटा लागतातच. कागद झिपच्या पिशवीत घाल आणि ती पिशवी दुसऱ्या झिपच्या पिशवीत. फोटो डिजिलॉकरमध्ये असले तरी भाडेकरार आणि विम्याचे कागद हाताशी हवेत. सॅक दाराजवळच्या खुंटीला टांग. दिवाणाच्या खणात मुळीच नको, कारण पाणी पहिल्यांदा तिथेच शिरतं आणि प्लायवूड फुगलं की झाकण उघडत नाही.

बाकीचं सामान, म्हणजे पाणी, खाणं आणि पांघरुणं, तुझ्या घरात ठेवूच नकोस. तळमजल्याचा साठा वर असला तरच उपयोगाचा. माझा एक पत्र्याचा डबा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत असतो. पिण्याला माणशी रोज तीन लिटर धर, म्हणजे तुम्हा चौघांना दोन दिवसांचे चोवीस लिटर. एक जार आणि चार-पाच बाटल्यांत भागतं. खायला राजगिऱ्याचे लाडू, चिक्की आणि सातूचं पीठ ठेव. सातू पाण्यात कालवला की झालं, गॅस लागत नाही. मॅगी कोणी सुचवली तर पाणी कुठे उकळायचं ते विचार. सासूबाईंना मात्र लाडू-चिक्की नको, फुटाणे-दाणे ठेव.

बाहेर पडताना गॅसचा रेग्युलेटर बंद. मेन स्विच कोरड्या जागेवर उभं राहून पाडता येत असेल तरच पाड. पाणी बोर्डाजवळ गेलं असेल तर सोडून दे. त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत विजेच्या धक्क्याने तिघे गेले. लिफ्टचं नाव काढू नकोस.

पाणी ओसरल्यावर झाडू हातात घ्यायच्या आधी फोटो काढ, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट. आम्ही आधी घर धुतलं असतं तर पंचनाम्याला दाखवायला काय उरलं असतं?

आंबील_ओढा
सिंहगड रोडला खडकवासल्याच्या विसर्गावर नजर ठेवायलाच हवी. खडकवासला भरलं आणि वर पानशेत-वरसगावच्या खोऱ्यात जोराचा पाऊस असला की सावध व्हायचं. पण सहकारनगर-अरण्येश्वरच्या लोकांनी त्या आकड्याच्या भरवशावर झोपू नये. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्रीचं पाणी धरणाचं नव्हतंच. कात्रजकडे पाऊस कोसळला आणि आंबील ओढा घरांत आला. टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. आमच्याकडे पाण्याआधी आवाज येतो, दगड गडगडल्यासारखा. तो ऐकला की सॅकसुद्धा सोडून वर पळायचं.

आणि एक काठी दाराशी ठेवा. गढूळ पाण्यात चेंबरचं झाकण आहे की वाहून गेलंय, हे पायाने तपासायची गोष्ट नाही.

औषधवाला_दादा
इन्सुलिनबद्दल. वापरात असलेलं पेन फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे टिकतं, फक्त ऊन आणि उकाडा नको. नेमके दिवस ब्रँडप्रमाणे बदलतात, खोक्यातल्या कागदावर बघा. न उघडलेली पेनं फ्रिजमध्येच राहू द्या. वीज गेली की ओलं फडकं गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ठेवा. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. पुराच्या पाण्यातून चालला असाल आणि पायाला जखम असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) भीती असते. गोळ्या मनाने घेऊ नका.

पेठेतला
पाण्याच्या साठ्याला हसू नका. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, आणि पूर ओसरल्यावर शहराच्या पाण्याचे हाल झाले. पूर आला की नळ कोरडा, हे पुण्याला नवीन नाही. सेलवर चालणारा छोटा रेडिओही ठेवा. टॉवर बंद पडला की आकाशवाणी तेवढी उरते. हल्लीच्या मुलांना ती कुठे लागते ते माहीत नसतं, तो भाग वेगळा.

नवं_बिऱ्हाड
सगळ्यांचे आभार. काल सॅक पाठीला लावून जिना चढले. मुलाला खेळ वाटला, मला पहिल्या मजल्यावरच धाप लागली. त्याचं खेळण्यांचं डबडं आत होतं, ते काढलं. अडचण एवढीच की तिसऱ्या मजल्यावरच्यांशी पार्किंगवरून आमचं बोलणं बंद आहे. दुसऱ्या विंगमध्ये डबा ठेवला तर चालेल?

तळमजला_ते_तिसरा
नको. दुसऱ्या विंगला जायला अंगण ओलांडावं लागेल, आणि पाणी पहिल्यांदा तिथेच भरणार. जिना तुझ्याच विंगचा हवा. दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं? नसेल जमत तर तिसऱ्याशीच बोल, सासूबाईंना पुढे कर. गुडघेदुखीवरून सुरुवात केली की पार्किंग मागे पडतं. पण जूनच्या आत.