आई माळवदाखालीच झोपते, हादरे थांबत नाहीत. घरात काय काय बदलू?

आसनेकाठची लेक

नमस्कार. माझं माहेर हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात, पांगरा शिंदे गावापासून फार लांब नाही. आमच्याकडे जमिनीतून आवाज येणं नवीन नाही. लहानपणी ताटं वाजली की आजी म्हणायची, भुई कूस बदलते आहे. पण २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला, दहा-बारा मिनिटांत ३.६ चा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५. तेव्हा माजघराच्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत चीर गेली, बोटाचं पेर जाईल एवढी. परवा रात्री पुन्हा गडगडलं. आईचा फोन आला, "काही नाही गं, नेहमीचंच." मी रात्रभर जागी.

घर आजोबांनी बांधलेलं. दगड-मातीच्या भिंती, दोन हात जाड, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छप्पर. पुढे वसरी (ओसरी), मागे परस. वडील गेल्यापासून आई आणि भावाचा नऊ वर्षांचा मुलगा असे दोघंच असतात. भाऊ पुण्यात. मी परभणीला सासरी. आई झोपते माजघरात, कारण उन्हाळ्यात तिथे गार असतं. तिच्या बाजेच्या डोक्याशी पितळी भांड्यांची उतरंड आहे, आणि मागच्या दाराला हळदीच्या पोत्यांची थप्पी लावली आहे, भाव येईपर्यंत ठेवायची म्हणून. म्हणजे ते दार असून नसल्यासारखं.

"घर सोड" म्हटलं की ती बोलायचीच थांबते. नवं बांधायला पैसे नाहीत. सगळीकडे वाचते की टेबलाखाली शिरा. आमच्या घरात टेबल नाही. जे करता येईल ते सांगा. अगदी बारीक गोष्ट असली तरी सांगा.

माळवदाखालचा

ताई, मी औसा तालुक्यातला. वय ४८. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून आम्ही पोरं उशिरा घरी आलो. पाय चिखलाने भरले होते, आईने आत येऊ दिलं नाही, म्हणून वसरीतच घोंगडी टाकून पडलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालं. मला हादरा आठवत नाही, आवाज आठवतो. दगडाने भरलेली गाडी उताराला लागावी तसा.

आमच्या वसरीचे लाकडी खांब आणि तुळई उभी राहिली, तिरकी झाली पण उभी राहिली. माजघराची भिंत मात्र आत बसली. चुलत्याने मला ओढून काढलं. बहीण बाजेखाली लोटली गेली होती, ती दुपारी जिवंत निघाली. आई नाही निघाली. तिच्या अंगावर एकही मोठी जखम नव्हती. नाकातोंडात माती होती.

हे सांगायला मला तीस वर्षं लागली, पण तुमचा प्रश्न वाचून सांगावंच वाटलं, कारण ती माती मी वाहिली होती. तुमच्याकडेही असेलच: दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची, गळू नये म्हणून. जुनी कुणी काढत नाही, नवी टाकत राहतात. आजोबांच्या वेळची, बापाच्या वेळची, आपली. मी डोक्यावर पाट्या वाहून ती वर टाकली आहे. वर किती ओझं झालं ते आमच्या घरात कुणी कधी मोजलं नाही.

म्हणून पहिली विनंती: टेबलाचा विचार सोडा, माळवदाची माती मोजा.

दुसरी, आईची बाज आजच्या आज माजघरातून हलवा. वसरीत, पुढच्या दाराशी, खांबांच्या मधल्या खणात, भिंतीपासून जेवढी लांब ठेवता येईल तेवढी. लाकडी खांबांचं घर असेल तर भिंत पडली तरी कधीकधी खण तगतो. खात्री नाही, पण भिंतीच्या कडेपेक्षा बरं. उतरंड खाली उतरवून जमिनीवर मांडा. बाजेच्या वर फळी, फोटो, कोनाड्यातला देव, काही नको.

तिसरी. अंधारात दार सापडलं पाहिजे. मागच्या दाराची पोती काढा, ताई. भाव येईल तेव्हा येईल.

अजून एक. १९९२ मध्ये, मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, किल्लारी भागात असेच धक्के बसत होते. लोक काही दिवस अंगणात झोपले. मग थंडी पडली, सगळे आत गेले. घरं जशी होती तशीच राहिली. तुमच्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही. नांदेड शहरात २००६-०७ ला असेच आवाज आणि हादरे कितीतरी दिवस चालले, मोठा आला नाही. पण वेळ मिळाली आहे तर ती वापरा. आम्हाला एक वर्ष मिळालं होतं.

आसनेकाठची लेक

दादा, तुमचं वाचून काय लिहावं कळत नाही. आईला तुमचा मजकूर फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या पोराच्या माईने चिखलाच्या पायांनी आत येऊ दिलं नाही, म्हणून पोरगं वाचलं." आज बाज वसरीत आली आहे.

माती मोजायची कशी? आणि वसरीतून बाहेर पडलं की समोर बोळ आहे, सात-आठ फुटांचा, दोन्हीकडे दगडी भिंती. बाहेर पळायचं की नाही?

ओळंबा

मी गवंडी, उदगीरचा. ९३ नंतर दुरुस्तीच्या कामांवर हाताखाली होतो, तिथेच शिकलो.

मोजायला माळवदाच्या एका कडेला, खाली तुळई असेल अशा जागी, लाकूड लागेपर्यंत छोटा खड्डा घ्या आणि टेप लावा. हिशोब सांगतो. माळवद वीस बाय पंधरा फूट धरलं तर एक फूट माती म्हणजे तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एका ब्रासला सुकी मातीसुद्धा साडेचार टनांच्या आसपास जाते. म्हणजे फुटामागे तेरा-चौदा टन तुमच्या आईच्या डोक्यावर. पावसात भिजली की त्याहून जास्त.

काढताना घाई नको. आधी आतून तुळयांना टेकू द्या. कुजलेली किंवा वाळवी लागलेली तुळई असेल तर तिच्यावर माणूस चढवू नका. दोन किंवा तीनच माणसं वर, आणि माती दोन्ही बाजूंनी सारखी काढायची, एकीकडे ढीग करायचा नाही. काढलेली माती भिंतीच्या कडेला टाकू नका. खाली कुणी थांबायचं नाही, चहासुद्धा नाही. सगळी माती काढायची गरज नाही. जाड प्लास्टिकचा कागद अंथरून वर सहा-आठ इंच दाबून बसवली तर पाणीही थांबतं आणि गारवाही राहतो. पण हे मृगाच्या आत व्हायला हवं, उघडं माळवद पावसात सापडलं तर भिंती बसतील.

आता भिंत. दोन हात जाड म्हणून मजबूत समजू नका. आपल्याकडची जुनी भिंत म्हणजे आत एक थर, बाहेर एक थर, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड कुणी टाकलेलाच नसतो. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटतात, एक आत पडतो, एक बाहेर. दोरीला वजन बांधून भिंतीला लावा आणि बघा: भिंतीला कुठे पोट सुटलंय का? पोट सुटलेल्या भिंतीजवळ कुणी झोपायचं नाही, बसायचंही नाही. भिंतीला आरपार भोकं घेऊन सळई-काँक्रीटने बांधता येतं, कोपऱ्यांना जाळी मारून प्लास्टर करता येतं, पण ते जाणकाराच्या देखरेखीखाली. पंचायत समितीच्या अभियंत्याला चीर दाखवा. पुढे कधी नवी दगडी भिंत बांधलीत तर जाडी दीड फुटाच्या आत, आणि आरपार दगड उभ्यात दर दोन फुटांवर, आडव्यात दर चार फुटांवर. खिडकी-दारांच्या वरून चारी भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा. एवढं केलंत तरी खूप झालं.

बोळाचं: हादरा चालू असताना त्या बोळात धावू नका, भिंती तिथेच पडणार. अंगण किंवा परस उघडं असेल तर तिकडे. मागचं दार म्हणूनच महत्त्वाचं. उघड्यावर पोचायला चार-पाच पावलांपेक्षा जास्त लागत असतील तर खांबाजवळ खाली बसून डोकं-मान दोन्ही हातांनी, उशीने झाका.

आणि घराला लागून पत्र्याचं शेड असेल तर पत्र्यावरचे दगड उतरवा. २०२४ च्या धक्क्यानंतर प्रशासनानेही हेच सांगितलं होतं. पत्रे हूक-बोल्टने आवळा, वावटळीतही उडणार नाहीत.

रानवाट

आमच्या गटावर परवा मेसेज फिरत होता, "आज रात्री दोन वाजता मोठा धक्का." अख्खी वस्ती रस्त्यावर, लेकरं थंडीत. ताई, भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगता येत नाही, जगात कुणालाच नाही. असला मेसेज आला तर आईपर्यंत पोचू देऊ नका. दोनदा खोटा निघाला की तिसऱ्यांदा माणूस खरी काळजीही घेत नाही.

सीनाकाठची

मी परंडा तालुक्यातली, अंगणवाडीवर आहे. आमची आपत्ती वेगळी. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराचं पाणी आलं तेव्हा जे शिकले ते भूकंपालाही चालेल, म्हणून लिहिते.

एक पिशवी दाराच्या खुंटीला. त्यात रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सातबारा, आईच्या बीपीच्या गोळ्या, विजेरी, दोन दिवसांचं सुकं, पाण्याची बाटली. कागद प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून. आमच्या शेजारणीचं सगळं पत्र्याच्या पेटीत होतं, पेटीच वाहून गेली. कागदांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा आणि भावालाही पाठवा.

गोठ्यातल्या जनावरांची गाठ एका झटक्यात सुटेल अशी बांधायला शिका. आमच्या गल्लीत दोन म्हशी दावणीलाच गेल्या, पाणी कमरेएवढं असताना दावं सुटेना. विळा खुंटीला अडकवून ठेवा. जनावरांच्या कानात बिल्ला आहे का तेही बघा, पंचनाम्याच्या वेळी विचारतात. आणि घराचे, चिरेचे, जनावरांचे आजचे फोटो तारखेसह काढून ठेवा. पडल्यावर "आधी काय होतं" ते दाखवता येत नाही.

पोराला तीन गोष्टी पाठ करून घ्या: गॅसचं बटण बंद करायचं, मेन स्विच कुठे आहे, आणि ११२. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ भिंतीवर खडूने मोठा लिहा. नऊ वर्षांचं पोर हे छान करतं, त्याला काम दिलं की त्याची भीतीही कमी होते. माझ्या अंगणवाडीतली पाच वर्षांची लेकरं डोक्यावर हात घेऊन बसायचा खेळ खेळतात.

माळवदाखालचा

सीनाकाठच्या ताईंच्या पिशवीत एक शिट्टी घाला. दोन घाला. एक पोराच्या गळ्यात, एक बाजेच्या पायाला बांधलेली. आणि उशीखाली सुती रुमाल किंवा पंचा. मातीखाली ओरडलं की तोंडात माती जाते. माझी बहीण बाजेच्या पायावर वाटीने ठोकत होती, म्हणून सापडली. वाटी तिच्या हातात कशी आली ते तिलाही माहीत नाही.

आसनेकाठची लेक

पंधरा दिवसांनी लिहिते आहे, उशीर झाला, माफ करा.

भाऊ चार दिवसांची रजा काढून आला. ओळंबा दादांनी सांगितलं तसा कडेला खड्डा घेतला. टेप पावणेदोन फूट गेला. भाऊ वरूनच ओरडला, "ताई, ह्यात तीन रंगांची माती आहे." खाली गडद, मध्ये फिकट, वर पांढरी. आजोबांची, वडिलांची आणि वडील गेल्यानंतर आम्ही गड्याकडून टाकून घेतलेली.

गावातले तिघं आणि भाऊ. आधी टेकू दिले. एक तुळई वाळवीने पोखरलेली निघाली, तिच्या बाजूला दुसरी बसवली, मगच काम सुरू केलं. तीन दिवस लागले. तीन ट्रॉल्या आणि वर थोडी माती निघाली, ती पडीक कोपऱ्यात टाकली. आई दोन दिवस समोरच्या काकूंकडे बसून नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी स्वतः प्लास्टिकचा कागद ओढायला आली. आता वर सात इंच आहे.

मागच्या भिंतीला पोट सुटलेलं आहे, बैलगाडीच्या चाकाएवढ्या जागेत. तिथे काही ठेवायचं नाही, जायचं नाही, असं ठरलं. पंचायत समितीत अर्ज दिला आहे, अभियंता पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले.

भाच्याने १०७७ इतका मोठा लिहिला आहे की रस्त्यावरून दिसतो. शिट्टी मात्र आईने एकदा काढून घेतली, कारण तो दिवसभर वाजवत होता. आता झोपताना घालतो, सकाळी खुंटीला.

एकच राहिलं आहे, मागचं दार. अजून अकरा पोती तिथे आहेत. आई म्हणाली भाव वाढायची वाट बघू, मग स्वतःच म्हणाली नको. सोमवारी टेम्पो सांगितला आहे, हळद वसमतच्या मार्केटला जाईल.