गणितातील अनंताचा अस्वीकार: वाचनाला सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (मुलुंड):
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. अनंत संचांचा सिद्धांत मांडणाऱ्या कँटरची बाजू मला ठाऊक आहे. अनंत संच तत्त्वतः अमान्य करणाऱ्यांचे म्हणणे मात्र मूळ लेखनातूनच समजून घ्यायचे आहे. रोज दादरपर्यंतच्या लोकलमध्ये वाचता येतील असे छोटे लेख कृपया सुचवावेत.

प्रतिसाद (चेंबूर):
नेमके काय नाकारले जाते, हे आधी वेगळे करून घ्यावे. मोजणी कधीही संपत नाही, हे ॲरिस्टॉटललाही मान्य होते. सर्व संख्या मिळून एक पूर्ण झालेली वस्तू तयार होते, हे त्याला अमान्य होते, आणि १८३१ साली शुमाखरला लिहिलेल्या पत्रात गाऊसचा आक्षेपही याच पूर्ण अनंतावर आहे. युक्लिडने सिद्ध केले ते एवढेच, की मूळ संख्यांची कोणतीही मर्यादित यादी दिली तरी तिच्याबाहेर आणखी एक मूळ संख्या असतेच. त्यामुळे पूर्ण अनंत नाकारणाऱ्यालाही हे प्रमेय सोडावे लागत नाही, आणि वर्गात ते याच रूपात शिकवावे असे माझे ठाम मत आहे.

वाचनासाठी पूर्ण अनंत नाकारणाऱ्या ब्राउअरचे १९१२ चे व्याख्यान आधी घ्यावे, मग हिल्बर्टचे १९२५ चे. दोन्ही बेनासेराफ आणि पुटनम यांनी संपादित केलेल्या संकलनात इंग्रजीत आहेत. हिल्बर्ट कँटरचा कैवारी असूनही त्याला टाळू नये, कारण निसर्गात अनंत कोठेही आढळत नाही हे तो स्पष्टपणे मान्य करतो आणि तरीही गणितातील अनंताला सांत, म्हणजे मर्यादित, पायावर सुरक्षित करू पाहतो. त्या पायावरून अशी सुरक्षितता सिद्ध करता येत नाही असे दाखवून १९३१ साली गोडेलने या योजनेला दिलेला धक्का त्यानंतर वाचला, तरच त्याचे गांभीर्य जाणवते.

प्रतिसाद (दादर):
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मात्र नकाराची किंमतही पाहावी, आणि त्यासाठी गुडस्टाइनचे १९४४ चे प्रमेय उत्तम आहे. त्याच्या श्रेणीत सुरुवातीची संख्या २ या पायाच्या घातांत लिहितात, घातांकही त्याच पायात (उदा. ३ = २ + १); मग दर पायरीला सगळीकडे पाया एकाने वाढतो, आलेल्या संख्येतून एक वजा होतो, आणि प्रत्येक श्रेणी अखेर शून्यावर येते. विधान केवळ नैसर्गिक संख्यांविषयी आहे, तरी पेआनोच्या अंकगणितात, म्हणजे अनंत संच न वापरता नैसर्गिक संख्यांचे मूलभूत नियम मांडणाऱ्या पद्धतीत, ते सिद्ध होत नाही, हे कर्बी आणि पॅरिस यांनी १९८२ साली दाखवले. तीनपासूनची श्रेणी हाताने करून पाहावी: ३, ३, ३, २, १, ०. चारपासून निघाल्यास मात्र पायऱ्यांची संख्या नुसती लिहायलाच १२ कोटींहून अधिक अंक लागतात. येसेनिन-वोल्पिनसारखे कडवे सांतवादी, म्हणजे अतिप्रचंड सांत संख्यांविषयीही शंका घेणारे, विचारतात तो प्रश्न येथेच उभा राहतो: कोणालाही कधीच पार करता न येणारी ती शेवटची पायरी कोणत्या अर्थाने अस्तित्वात आहे?