नवा गेम शेडरवरच अडकतोय, १२ जीबीचं कार्ड असून म्हणे मेमरी संपली

चौथामजला :
मंडळी, डोकं फिरलंय, जरा बघा. शुक्रवारी निघालेला गेम घेतला (नाव सांगत नाही, त्याचे चाहते अंगावर येतात). ११० जीबी. आमच्या गिरगावच्या चाळीत रात्री एकनंतर कुठे नेटला वेग येतो, त्यामुळे तीन रात्री उतरवत होतो. आता सुरू केला की आधी शेडरची (चित्र रंगवणाऱ्या बारक्या प्रोग्रामांची) पट्टी येते, मुंगीच्या पावलांनी ७१ टक्क्यांपर्यंत जाते आणि धाडकन गेम बंद. वर निरोप : व्हिडिओ मेमरी संपली. पाचातून एकदा पुढे सरकला, तर पहिल्याच सीनला ८-९ एफपीएस, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८-९ चित्रं. हिरो दार उघडायला हात पुढे करतो, तोवर माझा अर्धा कप चहा पिऊन होतो.

मशीन : आय५ १०४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० १२ जीबी. कार्ड जूनमध्ये लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलं. आई तेव्हाच म्हणाली होती, वापरलेलं घेऊ नकोस. आता मलाही तोच संशय येतोय, की वर ३०६० चं स्टिकर आणि आत भलतंच काहीतरी. पावसाळाभर जुने गेम मस्त चालले, गणपतीनंतर मात्र हा पहिलाच.

ड्रायव्हर नवा टाकला, फाइल्स तपासून घेतल्या, सगळी सेटिंग लो केली. वर स्टीमचा (जिथून गेम घेतला त्या ऑनलाइन दुकानाचा) नियम, पैसे परत हवेत तर १४ दिवसांच्या आत मागायचे आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला हवा. ती मेली पट्टी बघण्यातच माझे १ तास ४० मिनिटं मोजले गेलेत. उद्या दुकानात जाऊन भांडू का?

फॉरमॅट_भाऊ :
विंडोज फॉरमॅट मार. माझं असंच झालेलं. मारलं, सुटलं.

स्लो_लोकल :
आणि ११० जीबी परत उतरवायला रात्री तू जागणार का भाऊ?

चौथामजला, पहिल्यांदा ती पट्टी रेंगाळतेच. तुझ्या कार्डाला कळतील असे हजारो बारके प्रोग्राम प्रोसेसर तिथे बसून तयार करत असतो. पण ८ एफपीएस हा त्याचा प्रताप नाही. कार्ड बोगस आहे का ते बघायला गेम उघडूच नकोस, उगाच मिनिटं जातील. जीपीयू-झी म्हणून कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते चालव. जुन्या कार्डाचा बायोस (आतला मूळ प्रोग्राम) बदलून नवं म्हणून खपवलेलं असेल, तर बरेचदा ते नावाआधीच 'फेक' असं दाखवतं.

चौथामजला :
तसलं काही नाही. ३०६०, १२२८८ एमबी. म्हणजे दुकानदार सुटला? पण खालच्या यादीत अजून एक नाव आहे, इंटेल यूएचडी ६३०. हे कोण?

जुना_सोल्डर :
वीस वर्षं त्याच रस्त्यावर रिपेरिंग करतोय. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, गिऱ्हाईक अजून लॅमिंग्टनच विचारतं.) भांडायला येण्याआधी कॅबिनेटच्या मागे टॉर्च मार. मॉनिटरची एचडीएमआय कुठे खोचलीय? यूएसबी आणि लॅनच्या शेजारी, उभ्या पोर्टात असेल तर ती मदरबोर्डला आहे. कार्डाचे पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात.

मदरबोर्डला लावली की बरेचदा गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर, त्या इंटेल ६३० वरच चालतो. त्या बिचाऱ्याला स्वतःची मेमरी नाही, तुझ्या रॅममधूनच उसनी घेतो. त्याच १६ मधून गेमलाही द्यायची. संपणार नाही तर काय होणार? तुझा नुसता १०४०० आहे, एफवाला नाही, म्हणून कळलं नाही. एफमध्ये आतलं ग्राफिक्सच नसतं. पडदा काळा राहिला असता आणि तू लगेच मागे वाकून बघितलं असतंस.

एक सांग, कार्ड लावलं की पुष्कळ बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद ठेवतात. मदरबोर्डच्या बायोसमध्ये ते चालू कोणी केलं?

चौथामजला :
मीच. घरी आणलेल्या ऑफिसच्या मॉनिटरला फक्त व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचं पोर्ट होतं, ते कार्डावर नाही, मदरबोर्डवर आहे.

आणि काका, केबल उभ्याच पोर्टात होती. मखरासाठी टेबल खिडकीपासून मोरीच्या भिंतीला सरकवलं होतं. गौरी-गणपती चौपाटीवर सोडून आल्यावर, मध्यरात्री, अंधारात चाचपडत मीच केबल लावली. कार्डाच्या रिकाम्या पोर्टात हिरवी चमकी सापडली. मखराची. दुकानदाराला मनातल्या मनात काय काय बोललोय ते इथे लिहीत नाही.

केबल बदलली. शेडर पुन्हा पहिल्यापासून, पण सहा मिनिटांत पार. मिडियमला ७० च्या आसपास एफपीएस. आणि दहा मिनिटांनी परत गेम बंद!! १ तास ५६ झाले.

स्लो_लोकल :
पेजफाइल (रॅम भरली की विंडोज डिस्कवरची वापरतं ती जागा) बंद केलीयस का? 'एसएसडी झिजते' वगैरे ऐकून? १६ जीबीत एवढा गेम, मागे ब्राउझरचे वीस टॅब, विंडोजला पाय पसरायला जागा नको? व्हर्च्युअल मेमरीत जा, आकार विंडोजलाच ठरवू दे, रीस्टार्ट कर.

चौथामजला :
बंदच होती. ऑफिसातल्या एका शहाण्याने सांगितलं होतं. चालू केली आणि काल सलग पावणेतीन तास खेळलो. आता पैसे परत मिळणार नाहीत आणि मागायचेही नाहीत. काका, ती चमकी अजून पोर्टात आहे. फुंकर मारू?

जुना_सोल्डर :
फुंकर नको, थुंकी जाते. मशीन बंद कर, प्लग काढ, पोरांचा रंगाचा मऊ ब्रश घे, कोरडा. टाचणी अजिबात घालू नकोस.

फॉरमॅट_भाऊ :
तरी एकदा फॉरमॅट मारूनच घे.