ज्येष्ठ नागरिक संघात टॅबवर स्मरणशक्तीची चाचणी: कटऑफ किती धरायचा?

संघकाम_कोथरूड
आमच्या संघात एमसीआयसाठी (वयाच्या मानाने जास्त विसरणं, पण स्मृतिभ्रंश नव्हे) टॅबवर प्राथमिक चाचणी ठेवायची आहे. वयं ६५ ते ८५, शिक्षण चौथीपासून एम.ए.पर्यंत. एक हॉल, शेजारी छोटी खोली. चार टॅब मिळतील, पण दोन वेगळ्या कंपन्यांचे. किती गुणांखाली आलं की डॉक्टरांकडे पाठवायचं? सगळं एका सकाळी उरकेल का?

चाचणीखोली
एका सकाळी उरकायच्या भरीस पडू नका. माणशी ४० मिनिटं धरा, त्यातली चाचणीची २०. बाकी वेळ चष्मा, कान आणि बोटांसाठी. जवळचा चष्मा आणलाय का, श्रवणयंत्र चालू आहे का, हे आधी बघा. बायफोकलवाल्यांना टॅब कलत्या स्टँडवर, नजरेच्या खाली द्या.

उतारवयात बोटं कोरडी पडतात, स्पर्श लागत नाही. मग माणूस दाबून धरतो आणि टॅब भलतंच काही उघडतो. रबरी टोकाचा स्टायलस द्या, पण द्यायचा तर सगळ्यांनाच. गुण न मोजता पाच मिनिटं सराव घ्या. १० पैकी ८ स्पर्श नीट लागले की मगच खरी चाचणी. ज्यांना जमणार नाही त्यांची कागदावर घ्या. चाचणीत घड्याळाचं चित्र काढायचं असतं, ते मात्र सगळ्यांचंच कागदावर. काचेवर बोटाने वर्तुळ धड काढणारा विरळाच.

आणि हो, चाचणी देऊन आलेले बाहेर बाकावर बसून पाठ केलेले शब्द पुढच्यांना सांगतात, हमखास. दर माणसाला शब्दयादी बदलणारं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर बाहेरचं दार वेगळं ठेवा.

कटऑफबद्दल: मोका या स्मरण-आकलनाच्या प्रचलित चाचणीत ३० पैकी २६ हा मूळ कटऑफ (त्याखाली आलं की पुढे तपासायचं), आणि शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. चौथी शिकलेल्या आजींना तो एक गुण पुरत नाही. चांगल्या धडधाकट बाईवर शिक्का बसतो. म्हणून वय आणि शिक्षणाच्या गटानुसार, मराठी भाषकांवर काढलेले नॉर्म्स (त्या गटातल्या निरोगी लोकांचे नेहमीचे गुण) आहेत का, हे सॉफ्टवेअर देणाऱ्याला विचारा. नसतील तर त्या गुणांवरून कुणाला काही सांगू नका. शिक्षण वर्षांत लिहा: जुनी मॅट्रिक म्हणजे ११ वर्षं, १० नव्हे.

मिलिसेकंद
दोन कंपन्यांचे टॅब असतील तर प्रतिक्रियेच्या वेळेची (चित्र दिसल्यापासून स्पर्श होईपर्यंतची) तुलना विसरा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेमच साधारण १७ मिलिसेकंदांची, त्यावर स्पर्श ओळखायचा उशीर प्रत्येक मॉडेलचा निराळा. बॅटरी सेव्हर बंद, नोटिफिकेशन बंद, हेडफोन वायरचा. ब्लूटूथचा आवाज मागून येतो. सरासरीऐवजी मध्यक (वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) घ्या. १०० मिलिसेकंदांच्या आतला स्पर्श वगळा, तो चित्र बघून केलेला नसतो, बोट आधीच निघालेलं असतं.

ओपीडी_सदाशिव
थोडा हिशोब करा. समजा १०० जणांत २० जणांना खरंच एमसीआय आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. मग २० पैकी १६ सापडतील, पण उरलेल्या ८० निरोगी लोकांतलेही १६ अडकतील. म्हणजे ज्यांना पाठवाल त्यातले निम्मे ठणठणीत.

म्हणून कमी गुण आले की आधी रक्तातलं बी१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि नैराश्याची १५ प्रश्नांची जीडीएस प्रश्नावली. शाकाहारी आणि त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी१२ची कमतरता सहज सापडते. गोळ्यांची पिशवी आणायला सांगा: झोपेची क्लोनाझेपाम, सर्दीची क्लोरफेनिरामाइन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, नैराश्यावरची अमिट्रिप्टिलिन, यांनी विसरभोळेपणा वाढतो. नुकतंच आजारपण किंवा ऑपरेशन झालं असेल तर चाचणी पुढे ढकला.

घरच्यांना वेगळं बसवून विचारा: वीजबिल, औषधं, बसचा नंबर, बँकेचे व्यवहार अजून स्वतः बघतात का? ते जमत असेल आणि गुण कमी असतील तर एमसीआयचा विचार. जमत नसेल तर सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे.

संघकाम_कोथरूड
निकाल संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा बेत होता...

चाचणीखोली
अजिबात नको. बंद पाकिटात, ज्याचा त्याला. वर 'निदान नव्हे' असं लिहा, आत आकड्याऐवजी 'पुन्हा तपासणी सुचवली आहे' एवढंच. घरच्यांना सांगायचं की नाही, हे चाचणीआधी सहीसकट विचारून ठेवा.